कॉफीची मशीन घेण्याआधी पाणी बघ

छत्रपती संभाजीनगर

प्रिय बापू,

तुझा मेसेज वाचला, कॉफीच्या चारी मशिनींचे फोटो बी बघितले. व्हॉट्सॲपवर "ही घे" म्हणून दोन शब्दांत उत्तर टाकता आलं असतं, पण वहिनींसाठी घ्यायलास आणि ती बी पंधरा-वीस हजाराची वस्तू, म्हणून म्हणलं नीट बसून लिहावं. लांबलंय पत्र, सवडीनं वाच.

वहिनींना पहाटं ड्यूटीला निघायच्या आधी एक कप कॉफी लागते, माहेर हैदराबादचं त्यामुळं इन्स्टंट पावडर तोंडाला लागत नाही, आणि त्या टायमाला फिल्टरमधनं डिकॉक्शन उतरायची वाट बघायला वेळ नसतो, हे तू लिहिलंस तेव्हाच मला वाटलं की ह्या घराला पॉडची, म्हणजे कॉफी भरलेल्या छोट्या बंद कॅप्सूलची मशीन खरंच उपयोगाची आहे. एक माणूस, एक कप, घाई, आणि चव बी पाहिजे, अशाच माणसासाठी ती वस्तू आहे. बटण दाबलं की अर्ध्या मिनिटात तापते, पुढच्या मिनिटात कॉफी कपात, धुवायला काही नाही. तुमच्याकडं दिवसाला दहा कप लागत असते तर मी सरळ नको म्हणलो असतो.

आता फोटो. तुझा मेव्हणा अमेरिकेतून आणतो म्हणतोय ती आधी बाजूला काढ, फुकट देत असला तरी. तिकडची लाइन १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० आणि ५०. सरळ प्लग लावलास तर गेली म्हणून समज. कन्व्हर्टर लावू म्हणशील, पण दीड हजार वॅट ओढणाऱ्या मशीनला दोन हजार वॅटचा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो ओट्यावर ठेवायला जागा कुठून आणणार, आणि त्यानं व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ तसेच राहतात, म्हणजे तिथल्या हिशेबानं बनवलेला पंप हितं नीट चालंलच असं नाही. शिवाय ती नेसप्रेसो कंपनीची वर्तुओ जातीची मशीन आहे. तिच्या घुमटासारख्या कॅप्सूलच्या कडेला बारकोड असतो, मशीन तो वाचते आणि कॅप्सूल मिनिटाला सात हजारापर्यंत फेरे गरगर फिरवून कॉफी काढते. कॉफी चांगली येते, त्यात वाद नाही, पण तिच्यात दुसऱ्या कंपनीच्या कॅप्सूल सहसा चालत नाहीत. त्या हितं मिळाल्या नाहीत तर दर वेळी कोण अमेरिकेतून येतंय ते बघत बसायचं. वहिनींची सकाळची कॉफी असल्या भरवशावर नको ठेवूस.

बापू, मी दुकानात रोज बघतो, लोक मशीन निवडतात, रंग बघतात, दाबाचे बार किती ते बघतात, आणि मग कॅप्सूल कुठं मिळतात ते शोधायला लागतात. तू उलटं कर. आधी कॅप्सूल ठरव, मग तिची मशीन.

आणि ह्या हिशेबात तुझ्या यादीतली ती सगळ्यात छोटी, नेसप्रेसोच्या जुन्या पद्धतीची, जिला ओरिजिनल म्हणतात, तीच बसते. कामून ते सांगतो. ही पद्धत एरिक फाव्र नावाच्या स्वित्झर्लंडच्या इंजिनिअरनं नेस्लेमध्ये असताना काढली, १९७६ ला पेटंट, १९८६ ला कंपनी सुरू. लई वर्षं त्या कॅप्सूलवर त्यांचाच ताबा होता, पण २०१२ च्या सुमारास मुख्य पेटंटची मुदत संपली आणि मग कुणीबी तशा कॅप्सूल बनवायला लागलं. आता आपल्याकडच्या कंपन्याबी तशा कॅप्सूल विकायल्यात, बोनहोमिया, कॉफीझा अशी नावं तुला ऑनलाइन दिसतील. खुद्द नेसप्रेसोनं २०२५ ला दिल्लीत पहिलं दुकान टाकलं. म्हणजे एकानं माल बंद केला, भाव वाढवला, तर दुसऱ्याचा घेता येतो. लातूरच्या किराणा दुकानात काही ह्या मिळणार नाहीत, कुरिअरनंच मागवाव्या लागतील, तर मशीनची ऑर्डर टाकायच्या आधी दोन-तीन कंपन्यांच्या साइटवर तुझा पिनकोड टाकून बघ, किती दिवसात येतंय, आणि घरात नेहमी एक डबा जास्तीचा ठेव.

डोल्चे गुस्तोची पण चांगली दिसते फोटोत, पण तिच्या कॅपुचिनोला दोन-दोन कॅप्सूल लागतात, एक कॉफीची, एक दुधाच्या पावडरीची. आपल्या घरात म्हशीचं ताजं दूध येत असताना पावडरीचं दूध विकत कशाला प्यायचं? ती नको.

खर्चाचं स्पष्ट लिहितो, कारण पगारावर चालणारं घर आहे. एका कॅप्सूलमध्ये साडेपाच ग्रॅमच्या आसपास कॉफी असते. चाळीस रुपयाला एक धर. म्हणजे किलोला सात हजाराच्या वर गेली कॉफी! तीच ताजी भाजलेली चांगल्यातली पाव किलो पाचशेच्या आसपास मिळते, किलोला दोन हजार. रोज एक कप म्हणलं तर महिन्याला बाराशे, वर्षाला चौदा-साडेचौदा हजार, म्हणजे दर वर्षी एक मशीन घेतल्यासारखं. तरीबी मी घे म्हणायलोय, कारण रोज बाहेर कॅफेत जाऊन प्यायची म्हणलं तर एका कपाला ह्याच्या तिप्पट-चौपट जातात, आणि पहाटं कुठला कॅफे उघडा असतोय. फक्त पाव्हण्यांना ह्या मशीनची कॉफी पाजायची नाही असं घरात ठरवून टाका. आपल्याकडं एक आला की मागून चार येतात, एकेक कॅप्सूल घालत बसलास तर पहिल्याचा कप गार होतो. त्यांच्यासाठी वहिनींचं ते पितळी फिल्टर आहेच की, तेच चालू ठेवा.

१९ बार, १५ बार ह्याच्यात अडकू नकोस. एस्प्रेसोला, म्हणजे दाबानं काढलेल्या कडक कॉफीला, ९ बारच्या आसपास दाब लागतो, बॉक्सवर लिहिलेला आकडा पंपाची कमाल ताकद सांगतो.

आता पाणी. ह्याच्यासाठीच खरं तर मी पत्र लिहायला बसलो.

लातूरच्या माणसाला पाण्याचं महत्त्व मी काय सांगू, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं तुम्ही बघितलंय. पण मी पाणी किती आहे ते नाही, कसं आहे ते म्हणतोय. आपला सगळा भाग काळ्या बेसाल्ट दगडाचा, बोअरचं पाणी त्या दगडातनं कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन वर येतं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा जाड थर बसतो, किटलीच्या तळाला जी खपली धरते, ती ह्याचीच. गीझरच्या कॉइलला जागा तरी भरपूर असते, कॉफीच्या मशीनमध्ये पाणी तापतं ते थर्मोब्लॉकमधल्या, म्हणजे पाणी तापवायच्या ठोकळ्यातल्या, एकदम बारीक नळीत. मागं एका मॅडमनी दुकानात मशीन आणली, थेंब थेंब कॉफी पडायली आणि आंबट लागायली म्हणून. उघडून बघितली तर नळीच्या तोंडाशी क्षार इतका घट्ट बसलेला की टाचणी आत जाईना. पंप बिचारा ढकलून ढकलून गरम झालेला, पाणी पुरेसं तापत नव्हतं म्हणून कॉफी नीट उतरत नव्हती, आंबट त्यामुळं. मशीन तशी नवीच होती, कंपनीचा काही दोष नव्हता, रोज टँकरचं पाणी तसंच ओतत होत्या. असला बिघाड गॅरंटीत बहुतेक धरत नाहीत, कार्डावरचं बारीक अक्षर वाचून घे.

मग आरओचं पाणी घालू म्हणशील. क्षाराचा त्रास मिटतो, पण लई हलकं पाणी, वीस-तीस टीडीएसचं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप), कॉफीतली चव नीट ओढत नाही, कप सपक लागतो. स्पेशालिटी कॉफीवाल्यांच्या असोसिएशननं १५० टीडीएसच्या आसपासचं पाणी चांगलं धरलंय, ७५ ते २५० चालतं म्हणतात. तुझ्या आरओला टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू असंल तर सर्व्हिसवाल्याकडनं तो शंभरच्या वर लावून घे. नसंल तर मिसळायचं. समज बोअरचं ९०० आहे आणि आरओचं ३०, तर सहा वाट्या आरओला एक वाटी बोअरचं, बरोबर दीडशेच्या जवळ येतं. टीडीएस म्हणजे सगळा कडकपणाच नव्हे, पण घरच्या कामाला एवढा हिशेब पुरतो. आणि टाकीत पाणी साठवून ठेवायचं नाही, रात्री रिकामी करून ठेवायची, पहाटं ताजं भरायचं.

एवढं करूनबी दर तीन महिन्याला मशीन आतनं साफ करावी लागते. कंपनीचं डीस्केलिंगचं लिक्विड मिळतं, तेच वापरलेलं बरं, विशेषतः गॅरंटी असेपर्यंत. ती संपल्यावर आपलं लिंबूसत्व पाण्यात विरघळवून चालतं, मी दुकानात तेच वापरतो, पण नंतर दोन टाक्या साधं पाणी काढून टाकायचं. व्हिनेगर मात्र घालू नकोस, त्यानं रबराचे सील खराब होतात आणि वास आठवडाभर जात नाही.

दुधाचा जग लावलेली जी मोठी मशीन तुला आवडलीय, तिच्यावरनं मन काढून टाक. दिसायला भारी आहे, पण तिच्यातनं दूध बारीक नळ्यांतनं जातं आणि उन्हाळ्यात ४३-४४ डिग्रीला ते नळीत किती वेळ टिकणार, तूच सांग. रोज खोलून धुवायला पहाटं साडेपाचला कोणाला सवड आहे? त्यापेक्षा वेगळा फ्रॉदर, म्हणजे दुधाला फेस आणायचं यंत्र, घे, दोन-अडीच हजारात येतो. त्यात दूध गारच घालायचं, फ्रिजमधलं, गारावर फेस चांगला धरतो. म्हशीचं दूध साय काढून, गाळून घे, नाहीतर साय त्या फिरणाऱ्या स्प्रिंगला गुंडाळून बसते आणि फेसाच्या जागी गुठळ्या येतात. चाळीस मिलीची एक एस्प्रेसो आणि वर शंभर-सव्वाशे मिली दूध, साखर आवडीप्रमाणं, झाली वहिनींची कॉफी.

कॅप्सूल निवडताना डार्क रोस्ट, म्हणजे जास्त भाजलेली, आणि रोबस्टा जातीची कॉफी मिसळलेली बघ. नुसती अरेबिका जातीची दुधात हरवून जाते. डब्यावर जो इंटेन्सिटीचा आकडा असतो तो चवीच्या कडकपणाचा असतो, कॅफिनचा नाही, हे वहिनींना सांग, त्यांना बीपीचं बघावं लागतं म्हणलास ना. आणि अजून एक गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेव, डिकॉक्शनमधल्या चिकोरीचा तो गोडसर-कडू घट्टपणा ह्याच्यात येत नसतो. ही वेगळी कॉफी आहे. पण खरं सांगू, हँडल खाली दाबलं की कॅप्सूलच्या मागं तीन भोकं पडतात, पाणी आत शिरतं, पुढची फॉइल दाबानं फुटते आणि आधी काळेभोर दोन-चार थेंब, मग एकदम ती सोनेरी फेसाची धार, आणि सगळ्या स्वयंपाकघरात वास. मला ते बघायला रोज आवडतं राव.

लाइनीचं विसरू नकोस. मशीन बाराशे ते दीड हजार वॅट ओढते, फ्रिजच्या बोर्डावर मल्टिप्लग लावून चालवू नका, १६ अँपिअरचा पॉवर प्लग पाहिजे. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ती चालणार नाही, लाइट गेली की त्या दिवशी फिल्टर.

कचऱ्याचं वहिनींनी विचारलं हे मला लई आवडलं. कॅप्सूल ॲल्युमिनियमचीच घ्या, प्लास्टिकची नको. ॲल्युमिनियममध्ये हवा शिरत नाही म्हणून कॉफीबी ताजी राहते, आणि रिकाम्या कॅप्सूलची फॉइल फाडून आतला चोथा कुंडीच्या खतात टाकला आणि धुवून पोत्यात साठवल्या तर भंगारवाला घेऊन जातो. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरानं २०१६ ला सरकारी पैशानं असले पॉड घ्यायचे बंद केले, ते ह्या कचऱ्यामुळंच. कष्ट थोडे आहेत, पण करावेत.

तर असं कर, ऑर्डर अजून टाकू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही इकडं येणारच आहात, येताना एका बाटलीत बोअरचं आणि एका बाटलीत आरओचं पाणी घेऊन ये, दोन्हीवर चिठ्ठी लाव. टीडीएस मीटर माझ्याकडं आहे. वहिनींना आमच्या घरच्या मशीनची कॉफी पाजू, तीन-चार जातीच्या कॅप्सूल आहेत, त्यांना कुठली पटते ते बघू, पटलीच नाही तर तुझे पंधरा हजार वाचले आणि त्यांना एक चांगलं मोठं पितळी फिल्टर घेऊ.

आईंना नमस्कार सांग, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
अण्णा