माशांना ऊन लागत नाही, दम लागतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती, गावतळ्यात मासे मेले, फोटोत पांढरी पोटं वर करून तरंगणारे कटले आणि वर हेडिंग ‘उष्माघाताने हजारो मासे मृत’. बातमी खोटी आहे असं मी म्हणत नाही, मासे मेलेच आहेत, पण तो जो शब्द आहे ना उष्माघात, तो वाचून मला राहवलं नाही, कारण तोच शब्द गेल्या मे महिन्यात माझ्या स्वतःच्या पंचनाम्यावर लिहिलेला आहे आणि तो तेव्हाही चुकीचाच होता.

उष्माघात माणसाला होतो, गाई-म्हशीला होतो. आपलं शरीर ३७ डिग्रीच्या आसपास राहायची धडपड करतं, घाम काढतं, आणि ती धडपड हरली की माणूस कोसळतो. माशाला ही धडपडच नाही. पाणी २८ तर मासा २८, पाणी ३४ तर मासा ३४. कारण साधं आहे, त्याचं सगळं रक्त दर फेऱ्याला कल्ल्यातून जातं आणि तिथं रक्त आणि पाणी यांच्यात एवढा पातळ पडदा असतो की ऑक्सिजन आत यायच्या आधीच अंगातली उष्णता पाण्यात निघून गेलेली असते. कुपा (ज्याला हॉटेलवाले ट्यूना म्हणतात) त्याच्यासारखे थोडेच मासे अंगात उष्णता धरून ठेवतात, बाकी रोहू, कटला, चिलापी, बांगडा, खेकडा, कोळंबी, सगळे पाण्याच्या मर्जीवर.

आता माझं सांगतो. डाळिंबासाठी शेततळं केलं, तळाला प्लास्टिकचा कागद टाकला, पाणी आहेच तर मासे पण सोडू म्हणून कटला-रोहूचं बीज सोडलं. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी एप्रिलपासून बागेला पाणी उपसत गेलो आणि मेपर्यंत बारा फुटाचं पाणी सहा फुटावर आलं. दुपारी तीनला थर्मामीटर दोरीला बांधून सोडला की वर ३४ आणि तळाला ३० दाखवायचा. मासे तेव्हा काही करत नव्हते, खाली गप्प बसलेले. मग दोन दिवस आभाळ आलं, रात्री वळवाचा जोराचा पाऊस पडला, गारवा आला, आम्ही खुश, आणि पहाटे जाऊन बघतो तर सगळे मासे वर, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप चाललेली. मोटर चालू करून पाण्याचा फवारा मारायचा तर थ्री फेज लाईट नव्हती, त्या आठवड्यात आमची पाळी दिवसाची होती. सात वाजेपर्यंत मोठे कटले उलटे झाले. शेजारी म्हणाला कुणीतरी औषध टाकलं, गावात पहिला संशय तोच असतो, दोन दिवस मी पण एकाकडं तिरक्या नजरेनं बघत होतो.

आणि गंमत बघा, मासे मेले त्या पहाटे पाण्याचं तापमान २९ होतं. म्हणजे आदल्या आठवड्यापेक्षा थंड. मग उष्माघात कसला?

मी प्राणिशास्त्राचा पदवीधर आहे, नोकरी लागली नाही हा भाग वेगळा, तेव्हा जुनी पुस्तकं परत काढली. एक लिटर हवेत जवळपास २०० मिली ऑक्सिजन असतो, ३० डिग्रीच्या एक लिटर पाण्यात पाच-सहा मिली. मुळात मासा गरिबीतच जगतो. त्यात पाणी जसं तापतं तसा त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात, ३५ ला सातच्या आत, आणि हे पूर्ण भरलेलं पाणी असेल तर. उलट बाजूला पाणी १० डिग्रीने तापलं की माशाच्या अंगातलं सगळं काम दुप्पट-अडीचपट वेगानं चालतं, त्याला तेवढा जास्त ऑक्सिजन लागतो. उत्पन्न घटतंय आणि खर्च वाढतोय अशी अवस्था. वर शेवाळ, दिवसा ऑक्सिजन देणार आणि रात्री स्वतःच खाणार, म्हणून तळ्यात सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. आभाळ आलं की दिवसाची कमाई पण बंद. आणि वळवाचं थंड पाणी जड असतं, ते खाली जातं आणि तळाचं काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं, ऑक्सिजन संपलेलं पाणी वर उलटतं. उन्हानं त्यांना कड्यावर नेऊन उभं केलं होतं, ढकललं पावसानं. म्हणून म्हणतो, माशाला ऊन लागत नाही, दम लागतो.

पंचनामा करायला साहेब आले ते बारा वाजता. किट काढलं, ऑक्सिजन मोजला, भरपूर निघाला, निघणारच, डोक्यावर ऊन आणि तळं हिरवंगार. मग पाणी ठीक, औषध नाही, रोग नाही, तर लिहा उष्माघात. मी म्हणालो साहेब पहाटे यायला पाहिजे होतं, तर ते हसले. त्यांचा तरी काय दोष, कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता.

यावर एक मुद्दा नेहमी ऐकायला मिळतो, की आपले मासे उष्ण देशातले, त्यांना ४० डिग्री पण चालतं. हे पूर्ण चूक नाही. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये रोहूच्या बारीक पिल्लांवर काम प्रसिद्ध केलं. पिल्लं वेगवेगळ्या तापमानाला ठेवून सवय करायची आणि मग पाणी हळूहळू तापवत न्यायचं, मासा तोल जाऊन आडवा झाला की तो आकडा लिहायचा. २६ डिग्रीची सवय असलेली पिल्लं ४२ च्या थोडं वर आडवी झाली, ३६ ची सवय असलेली साडेपंचेचाळीसला. आकडा ऐकून कुणालाही वाटेल मग काळजी कसली. पण नीट बघा, सवयीचं पाणी १० डिग्रीने वाढवलं तेव्हा छप्पर फक्त तीन-सव्वातीन डिग्रीने वर गेलं. म्हणजे डोकं छपराकडं चाललंय आणि छप्पर त्याच वेगानं वर जात नाही. दुसरं, अशा टेस्टमध्ये टाकीत सतत हवा सोडत ठेवतात. माझ्या तळ्यात पहाटे चारला हवा कोण सोडणार? आणि त्याच कामात पिल्लांची वाढ सगळ्यात चांगली निघाली ती ३१ ते ३३ ला, म्हणजे जगणं ४५ पर्यंत असेल पण वाढणं तेहतीसपर्यंतच. बाजारात आपण जगलेला मासा विकत नाही, वाढलेला विकतो.

ही सवय होते कशी तेही भारी आहे. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं, शेंगतेल पातळ राहतं, हे सगळ्यांना माहिती. माशाच्या प्रत्येक पेशीभोवती अशीच स्निग्ध पदार्थांची भिंत असते, फार पातळ झाली तर गळते, फार घट्ट झाली तर काम बंद. पाणी तापलं की मासा काही दिवसात त्या भिंतीत शेंगतेलासारखं कमी आणि खोबरेलासारखं जास्त भरतो. शिवाय अंडं उकडल्यावर जसं घट्ट होतं तशी पेशीतली प्रथिनं उष्णतेनं बिघडायला लागतात, त्यांची घडी परत बसवणारी वेगळी प्रथिनं पेशी तयार करते. पण ही दुरुस्ती फुकट होत नाही, खाल्लेलं अन्न वाढीऐवजी तिकडं जातं. अंटार्क्टिकाच्या समुद्रात उणे १.९ डिग्रीच्या पाण्यात राहणारे मासे आहेत, ते कायम बर्फातच म्हणून त्यातल्या काहींच्यात ही दुरुस्तीची व्यवस्था मागणीनुसार वाढतच नाही, ५-६ डिग्रीला ते मरतात. आपल्या फ्रीजचं पाणी त्यांना उकाडा. आणि पलीकडच्या टोकाला केनियाच्या मगाडी तळ्यातली छोटी चिलापी, गरम झऱ्यांच्या ४० डिग्रीवरच्या पाण्यात पिढ्यानपिढ्या नांदतेय.

मग कुणी म्हणेल आपले मासे पण पिढ्यांनी शिकतील. नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी झेब्राफिशवर (हा मूळचा आपल्याच देशातल्या ओढ्यातला मासा) हे करून बघितलं, सहा पिढ्या, जवळपास वीस हजार मासे, प्रत्येक वेळी जास्त उष्णता सोसणारे निवडून त्यांचीच पैदास. निकाल २०२० मध्ये आला, एका पिढीला ०.०४ डिग्री. हिशोब तुम्हीच करा.

दमाचा मुद्दा सगळ्या शास्त्रज्ञांना सरसकट मान्य आहे असं नाही, हेही सांगायला पाहिजे. पाणी पटकन तापवलं तर कित्येक मासे ऑक्सिजन भरपूर असतानाही आडवे होतात, हृदयाचे ठोके चुकतात, मज्जासंस्था बिघडते. कॅनडाच्या फ्रेझर नदीतल्या सालमनवर २०११ मध्ये आलेलं काम वाचण्यासारखं आहे, एकाच जातीचे मासे, पण ज्यांना अंडी घालायला समुद्रातून नदीत वर जाताना जास्त अवघड प्रवास करावा लागतो त्यांची हृदयं मोठी आणि दम जास्त. म्हणजे जात बघून आकडा सांगता येत नाही, कुठल्या पाण्यातला तेही बघावं लागतं. पण आपल्या तळ्यात, आपल्या मे महिन्यात, पहिली गोष्ट दमच.

सगळ्यात नाजूक असतात गाभोळीची मादी आणि अंडं. अंड्याला कल्ले नसतात, नुसत्या पाझरानं जेवढा ऑक्सिजन आत येईल तेवढाच, आणि मादीला स्वतःबरोबर पोटातल्या गाभोळीचाही भार. जर्मन शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये ६९४ जातींची माहिती एकत्र करून दाखवलं की माशाची उष्णता सोसायची ताकद या दोन अवस्थांत सगळ्यात कमी. आपण मात्र आकडे सांगतो पिल्लांचे.

समुद्रातल्या माशाला निदान पाय काढता येतो, पाय म्हणजे शेपूट. अरबी समुद्र आणि हिंदी महासागराचा पश्चिम भाग शंभर वर्षात सव्वा डिग्रीच्या आसपास तापला. केरळची तारली पूर्वी दक्षिणेतच घुटमळायची, ती गुजरातपर्यंत आणि पलीकडं बंगालच्या उपसागरात मिळायला लागली, बांगडा खोल पाण्यात उतरला, चेन्नईकडं राणी माशानं अंडी घालायचे महिनेच गार दिवसांकडं सरकवले. केरळात २०१२ मध्ये तारली जवळपास चार लाख टन निघाली होती, २०२१ मध्ये साडेतीन हजार टन पण नाही. याला नुसतं तापमान जबाबदार नाही, बारीक पिल्लं ओढून नेणारी जाळी पण आहेत, पण तापलेल्या समुद्रात सावरायला वेळ लागतो हे खरं.

नदीत माशाचं माहेर म्हणजे डोह. महाड तालुक्यात वाळणकोंडला देवीच्या नावानं राखलेला डोह आहे, तिथले मासे कुणी मारत नाही, खोल पाणी, कडेला झाडी, मे महिन्यात पण गारवा. आमच्याकडं वाळू उपशानं नदीची काय दशा झाली ते तुम्हाला सांगायला नको. आणि शेततळ्याला तर डोहच नाही, सगळीकडून सारखाच कागद, काळा, उन्हात तापणारा. मरळ, मागूर हे वर येऊन हवा घेऊ शकतात, ते टिकतात. कटल्याला ती सोय नाही.

तेव्हा साहेब, विनंती एवढीच की पुढच्या वेळी बातमीदाराला तीनच गोष्टी विचारायला सांगा, पाणी किती फूट उरलं होतं, आदल्या दोन दिवसात आभाळ किंवा पाऊस होता का, आणि ऑक्सिजन किती वाजता मोजला. नुसतं ४३ डिग्री लिहून होत नाही, ते हवेचं तापमान आहे, मासा हवेत राहत नाही. आणि तुम्ही रोज पहिल्या पानावर धरणातला पाणीसाठा टक्क्यात देता, त्याच्या शेजारी पाण्याचं पहाटेचं तापमान आणि ऑक्सिजन दोन आकड्यात बसेल. मोजायचं किट काही फार महाग नाही, मी घेतलंय. सहा फुटापर्यंत आता पाणी उतरू देत नाही, बाग थोडी सुकली तरी चालेल, आणि माशांची संख्या निम्मी केलीय. रेंगाळलेलं आभाळ दिसलं की खाद्य बंद.

या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. आता साडेचार वाजलेत, काल दिवसभर आभाळ होतं, मोटर चालू करून येतो.

आपला,
एक शेततळेवाला वाचक
ता. इंदापूर, जि. पुणे