बाळाच्या ब्रिटिश नागरिकत्वाची वाट दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव लिहायचं नाही असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं ‘ताई’. इंग्लंडमध्ये बाळं झालेल्या आम्हा मराठी पालकांना तुम्ही फुकट वेळ दिलात. नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे, हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या काकांच्या गावीही नसतं. तुमची नोंदणी असूनही तुम्ही कागद बघितल्याशिवाय कधी मत दिलं नाहीत, याचे आभार आधी.

कुणीही आलं की तुम्ही दोनच तारखा विचारायचात: बाळाच्या जन्माची, आणि आईला किंवा वडिलांना आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) मिळाल्याची. बाकी सगळं यावरच ठरतं. जन्माच्या दिवशी दोघांपैकी एक जरी सेटल्ड, म्हणजे अशी कायम राहण्याची मुभा असलेला, असेल, तर बाळ जन्मतःच ब्रिटिश. तिथे नागरिक म्हणून नोंदणीचा अर्ज करायचाच नसतो. थेट पासपोर्ट मागायचा आणि त्या तारखेला आयएलआर होता याचा पुरावा जोडायचा. म्हणून जुनं बीआरपी (निवास परवान्याचं) कार्ड आणि आयएलआरचं पत्र फेकू नका, हा तुमचा धोशा. आयएलआर जन्मानंतर मिळाला असेल, तर १९८१ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यातल्या कलम १(३) खाली मुलाच्या नोंदणीचा एमएन१ अर्ज, मूल अठरा वर्षांचं होण्याआधी. हा मुलाचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. बाळ भारतात जन्मलं असेल तर मात्र ही वाट त्याची नाही.

सर्वांत जास्त पैसे वाचवले ते तुमच्या एका वाक्याने: या मुलाला आधी आयएलआर लागत नाही. आईवडिलांबरोबर मुलाचाही आयएलआर भरायचा आणि मग नागरिकत्व, असं बहुतेकांनी धरलेलं असतं. २०२५ मध्ये आयएलआरचे ३,०२९ पौंड होते, मुलाच्या नोंदणीचे १,२१४. दोघांपैकी एक सेटल्ड झाला की मुलाची नोंदणी सरळ करता येते. शुल्क झेपत नसेल तर २०२२ पासून मुलांसाठी माफीची सोय आहे. ती मात्र पैसे भरण्याआधी मागायची.

कागदांत माणसं ठरलेल्या जागीच अडतात. जन्मदाखला मोठा हवा; छोट्या दाखल्यावर आईवडिलांची नावं नसतात. वडील सेटल्ड असतील तर लग्नाचा दाखला जोडायचा. रेफरी, म्हणजे मुलाची ओळख पटवणारे, दोन: एक शिक्षिका किंवा हेल्थ व्हिजिटर (लहान मुलांची काळजी बघणारी परिचारिका) यांच्यासारखी, मुलाला कामानिमित्त ओळखणारी व्यक्ती, दुसरा ब्रिटिश पासपोर्टधारक. मामा-मावशी चालत नाहीत. दहा वर्षांच्या पुढच्या मुलाची वर्तणूकही तपासतात.

आणि आपली खास मराठी अडचण! जन्मदाखल्यावर नुसतं नाव-आडनाव, भारतीय पासपोर्टवर मध्ये वडिलांचं नाव. आपल्याला ती साधी रीत वाटते, पासपोर्ट ऑफिसला दोन वेगळी नावं दिसतात आणि पत्र येतं. अर्जाआधीच एक नाव पक्कं करा, हे तुम्ही प्रत्येकाला न कंटाळता सांगितलंत.

बायोमेट्रिकला (ठसे आणि फोटो द्यायला) गेल्यावर पाच वर्षांखालच्या मुलाचा फक्त फोटो घेतात. निर्णयाला सहा महिनेही लागू शकतात, आणि नुसत्या अर्जाने व्हिसा मिळत नाही. व्हिसा नसलेलं मूल त्या काळात देशाबाहेर नेलं तर परत आणताना अडकतं. आजीला भेटायची घाई कितीही असो, यावर तुम्ही ठाम राहिलात. अठराच्या आत समारंभ नाही, प्रमाणपत्र येतं. कलम १(३) खाली नोंदलेलं मूल पुढे परदेशात जन्मलेल्या आपल्या मुलांनाही नागरिकत्व देऊ शकतं, हे मोल बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही.

यानंतरचा क्रम तुम्ही वहीच्या पानावर लिहून दिलात, तो अजून ग्रुपवर फिरतोय: ब्रिटिश पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं भारताचं कार्ड). भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे ब्रिटिश झाल्यावर जुन्या भारतीय पासपोर्टवर प्रवास केला तर दंड बसू शकतो. मधल्या काळात जायचंच असेल तर ब्रिटिश पासपोर्टवर भारताचा व्हिसा काढायचा. ओसीआय आल्यावरही, विशीच्या आत पासपोर्ट बदलला की नवा पासपोर्ट आणि फोटो ऑनलाइन चढवायचे. ही शेवटची ओळ तुम्ही लाल शाईने लिहिली होतीत, आणि नेमकी तीच लोक विसरतात.

मनापासून आभार, ताई. पुढच्या बैठकीला आणखी चार कुटुंबं यायची आहेत. दोन्ही तारखा लिहूनच या, असं त्यांना सांगून ठेवलंय.

आपले नम्र,
आम्ही सगळे पालक