अर्ध्या बादलीचा हिशेब मांडणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णांस,
सादर नमस्कार.

आज पहाटे साडेपाचला सासूबाईंनी न्हाणीघरातला नळ सोडला, तिसऱ्याच तांब्याला कढत पाणी आले आणि त्यांनी आतूनच तुमचे नाव घेऊन तुम्हाला आशीर्वाद दिला. तो आशीर्वाद तुमच्यापर्यंत पोहोचवावा, आणि जे तोंडावर बोलताना माझा कंठ दाटून राहून गेले ते चारचौघांत लिहून सांगावे, म्हणून हे पत्र.

सोलापूर म्हटले की बाहेरच्यांना मे महिन्यातली बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची काहिली तेवढी आठवते. जुळे सोलापुरात घर बांधायला काढले तेव्हा पाणी तापवण्याच्या सोयीवर इतका खल कशाला, असे आम्हालाही काही जणांनी विचारले होते. पण सत्तरी ओलांडलेल्या, संधिवाताने बोटे आखडलेल्या आणि तरीही पहाटे अंघोळ करून देवपूजा केल्याशिवाय चहा न घेणाऱ्या बाईला मार्गशीर्षातल्या गार पाण्याचा पहिला तांब्या कसा लागतो, हे मी जुन्या घरात बारा वर्षे पाहिले होते. नव्या घरात बाकी काही कमी पडले तरी चालेल, त्यांना गरम पाणी मात्र मिळालेच पाहिजे, एवढे मी मनाशी पक्के केले होते.

तुमच्या आधी तिघे येऊन गेले. पहिल्याने खालूनच गच्चीकडे पाहिले, घरात माणसे किती ते विचारले आणि 300 लिटरच्या सोलरचा भाव लिहून दिला. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे की नळाचे, हे त्याने विचारलेसुद्धा नाही. दुसरा, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवा, स्वस्तात काम होईल, असा आग्रह धरून बसला. कोंडलेल्या जागेत त्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साईड साचतो, त्याला ना रंग ना वास, आणि माणूस अंघोळ करता करता जिवाला मुकतो, हे ठाऊक असणाऱ्याने असा सल्ला द्यावा याचा संताप मला आजही आवरत नाही. तिसऱ्याने आगाऊ रक्कम घेतली आणि फोन उचलणे बंद केले. त्यानंतर आमच्या गवंड्याच्या ओळखीने तुम्ही आलात.

अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत, टॉवेल-चादरीच्या सुताला रंग देणाऱ्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात तुमची हयात गेली, हे आम्हाला नंतर कळले. तुम्ही गच्चीवर जाण्याआधी दोन पातेली मागितलीत. एकात बोअरचे आणि दुसऱ्यात महापालिकेच्या नळाचे पाणी घेऊन, गवंड्यांच्या चुलीवर दोन्ही आटेपर्यंत उकळलेत. बोअरच्या पातेल्याच्या बुडाला खडूसारखा पांढरा थर धरला होता, तो तुम्ही नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवलात. नळाच्या पातेल्यात नुसता धुरकट डाग उरला होता. सपाट पट्ट्यांच्या सोलरमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात, त्या या क्षाराने हळूहळू चोंदतात. दुसऱ्या प्रकारच्या सोलरमधल्या काचेच्या रुंद नळ्यांतही क्षार साचतोच, पण त्या काढून धुता येतात आणि एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते, हे तुम्ही मला शाळेतल्या मुलीला समजवावे तसे समजावलेत. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात सोलरसाठी नळाच्या पाण्याची वेगळी टाकी ठेवा, आणि टाकी कधी रिकामी पडलीच तर भर दुपारी तापलेल्या कोरड्या नळ्यांत गार पाणी सोडू नका, काच तडकते, ही ताकीदही तुमचीच. 100 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साधारण साडेतीन युनिट वीज लागते, म्हणजे आमच्या 200 लिटरला रोज सात, हा हिशेब मांडून, विजेचा हीटर केवळ ढगाळ दिवसांपुरता ठेवा, असेही तुम्ही सांगितलेत.

हे सारे मोलाचे होतेच. तरीही मला राहून राहून आठवते ती बादली.

त्या दिवशी सासूबाई बांधकाम पाहायला आल्या होत्या आणि अर्धवट भिंतीच्या सावलीत खुर्चीवर बसल्या होत्या. तुम्ही टेपने पाइप मोजत होतात. सोलरची टाकी गच्चीच्या ज्या कोपऱ्यात ठरली होती, तिथून त्यांच्या न्हाणीघरापर्यंत पाइप 28 मीटर भरला. पाऊण इंची पाइपात मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी उभे राहते, असे स्वतःशीच पुटपुटत तुम्ही तांब्याने मोजून सात लिटर पाणी बादलीत घेतलेत, ती अर्धी भरलेली बादली त्यांच्या पायाशी आणून ठेवलीत आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसून विचारलेत, "अक्का, पहाटे नळ सोडला की आधी एवढे गार पाणी येणार, मग गरम. तुम्ही त्याचे काय करणार?" सासूबाई सहज म्हणाल्या, "काय करणार? पाणी वाया कसे घालवायचे? तेवढे अंगावर घेईन."

तुम्ही काही बोलला नाहीत. थोडा वेळ बादलीकडे पाहत राहिलात, मग उठून कंत्राटदाराला हाक मारलीत आणि टाकीची जागा न्हाणीघराच्या बरोबर वर घ्यायला सांगितलीत. भिंत फोडावी लागेल, असे तो कुरकुरत म्हणाला. फरशी बसायच्या आत फोडलेली बरी, असे तुम्ही शांतपणे उत्तर दिलेत. आता तो पाइप आठ मीटरचा आहे आणि त्यावर उष्णता धरून ठेवणारे आवरण आहे. बादलीतले ते सात लिटर पाणीही तुम्ही सांडू दिले नाहीत, जाताना नव्या भिंतीवर मारून गेलात.

अण्णा, आधीच्या तिघांनी गच्ची पाहिली, पैसे पाहिले. अंघोळ कोण करणार आहे हे कोणीच पाहिले नाही. त्या बाईला गार पाण्याविषयी तक्रार करण्याची सवयच नाही, म्हणून तिच्या वतीने तुम्ही तक्रार केलीत. मी घरातली असून ते मला सुचले नाही. आपल्या हातचे काम ज्याच्या अंगाला लागणार आहे त्याच्यासमोर खाली बसून त्याला विचारणारी माणसे या गावात आहेत, म्हणूनच त्या तिघांनंतरही माझा माणसांवरचा विश्वास उडाला नाही. पदवी आणि गुळगुळीत छापील पत्रके असलेल्यांकडे जी माणुसकी मला दिसली नाही, ती बॉयलरच्या धगीने हात काळवंडलेल्या माणसाकडे दिसली.

मानधनाचे पाकीट तुम्ही दोनदा परत केलेत, ते मी देवघरात ठेवले आहे. गड्ड्याची यात्रा सुरू होण्याआधी एकदा सहकुटुंब जेवायला या. सासूबाईंनी शेंगाची चटणी कुटून ठेवली आहे, आणि नळ्या धुण्याची वेळ झाली का हेही तुम्हालाच पाहायचे आहे.

आपली कृतज्ञ,
जुळे सोलापूर येथील एक सून