बैठकीला माणसं का येईनाशी होतात

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

आरोग्य केंद्राच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या गावोगावच्या आरोग्य समित्यांचं काम तुझ्याकडे आलंय. मार्गदर्शक सूचनांचा गठ्ठा वाचशीलच, पण त्याआधी कुठल्याही एका समितीची इतिवृत्ताची वही मागून घे आणि मागच्या सहा बैठका ओळीने वाच. 'औषधं वेळेवर मिळावीत' हे वाक्य सहाही वेळा सापडेल आणि खालच्या सह्या दर खेपेला कमी होत गेलेल्या दिसतील. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या असतील तर काय समजायचं ते तुला सांगायला नको. वर शेरा जातो, 'लोकांमध्ये उदासीनता'. उदासीनता कसली गं! आपण बोललो त्याचं पुढे काय झालं, हे कुणी येऊन सांगत नाही. तिसऱ्या खेपेला माणूस शेतावर निघून जातो.

१९७८ साली प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने काढलेल्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य मानलं. बऱ्याच देशांत लोकांच्या वाट्याला आलं ते कर्तव्यच: लसीकरणाला बायका-मुलं गोळा करा, इमारतीला श्रमदान करा. ठरवायचं काम वरच राहिलं. ब्राझीलने १९९० च्या कायद्यात याला चांगली पाचर मारली. आरोग्य परिषदेत निम्म्या जागा सेवा घेणाऱ्यांच्या, आणि परिषदच नसेल तर त्या नगरपालिकेला केंद्र सरकारचा आरोग्यनिधी नाही. मग परिषदा स्थापन होणारच. आफ्रिकेत १९८७ च्या बामाको उपक्रमात औषधविक्रीचा पैसा गावच्या समितीच्या हाती आला, पण गरिबाला सूट द्यायची तर समितीचाच फिरता निधी आटायचा. त्यामुळे सूट कागदावर राहण्याकडेच कल असे. पैसा हाती दिलास की भरपाई कोण करणार, तेही आधीच लिहून घे.

तुझं खरं काम 'औषधं मिळत नाहीत' या वाक्याला फोडायचं आहे. पाच औषधं निवड: ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन, लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या. साठा नोंदवही आणि फळीवरचा माल दोन सदस्यांनी मिळून मोजायचा. प्रत्येक औषधापुढे तीन तारखा: साठा संपला कधी, मागणीपत्र गेलं कधी, माल आला कधी. मागणीपत्रच साठा संपल्यावर गेलं असेल तर चूक आरोग्य केंद्राची. ते वेळेवर जाऊन माल महिन्याने आला तर अडलंय वरच्या भांडारात. माल वेळेवर पण मागणीच्या निम्मा आला, तर एकतर वरच माल नाही किंवा तरतूद कमी आहे. ते त्याच पातळीवर विचारायचं. हे न पाहता भर बैठकीत नर्सला धारेवर धरलं की ती पुढच्या बैठकीला रजा टाकते, आणि माहिती देणारं एकमेव माणूस हातचं जातं.

आरोग्य केंद्राच्या सेवेला गुण द्यायचं गुणपत्रक भरताना गावकऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची बैठक आधी वेगवेगळी घे. बायकांचा गट निराळा बसव. नर्स समोर असताना 'बाळंतपणाला पैसे मागतात' असं कुणी बोलत नाही, कारण पुढचं बाळंतपण तिथेच व्हायचं असतं. मुद्दे आठ-दहापेक्षा जास्त नकोत, गुणापुढे कारण लिही आणि तक्रारीपुढे नाव लिहू नकोस. दोन्ही गटांची एकत्र बैठक नंतर. तिथे प्रत्येक ठरावापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख. 'सर्वांनी प्रयत्न करावेत' असा ठराव खोडून टाक. पुढच्या बैठकीचा पहिला विषय मागच्या ठरावांचा हिशेब. नवीन तक्रारी त्यानंतर. काम झालं नसेल तर का झालं नाही तेही सांगायचं. नकार लोक पचवतात, गप्प बसणं पचवत नाहीत.

किती लोकांमागे बायकांचा एक गट, यात हात आखडू नकोस. बांगलादेशात बाळंतपण आणि नवजात बाळाच्या काळजीवर एकत्र बसून बोलणाऱ्या महिला गटांचा प्रयोग आधी १,४१४ लोकांमागे एक गट या प्रमाणात झाला, तेव्हा नवजात मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. पुढे त्याच कामात ३०९ लोकांमागे एक गट केला आणि नवजात मृत्युदर ३८ टक्क्यांनी घटला. गरोदर बायकांपैकी निदान तिसरा हिस्सा गटात येत नसेल तर परिणामाची आशा धरू नये, हे अशा अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातूनही निघालं आहे. तरी खर्च वाचवायला गट विरळ करण्याची सूचना तुझ्याकडे येईलच, तेव्हा हे दोन आकडे पुढे ठेव.

समितीचा निधी वर्ष संपता संपता आला की खुर्च्या आणि पडदे घेतले जातात. म्हणून खर्चाची यादी प्राधान्यक्रमाने आधीच ठरावात घालून ठेव.

आणि बैठकीची तारीख ठरवण्याआधी आरोग्य केंद्राचं मागणीपत्र कोणत्या तारखेला जातं ते विचार. बैठक त्याच्या आठ दिवस आधी ठेव, म्हणजे मोजलेला साठा त्याच महिन्याच्या मागणीत धरता येईल.

तुझी,
आई