मानेतल्या लाइनबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, मानेतल्या नळीच्या कागदावर सही मी केली, तुम्हाला न विचारता. तुम्ही ग्लानीत होतात आणि आईला विचारलं असतं तर तिला आत्याचंच आठवलं असतं. राग माझ्यावर काढा, दादावर नको. त्याला मीच गप्प बसवलं होतं.

आता वॉर्डात आलात, तर सगळं सांगते. हाताची धड शीर एकच सापडली होती आणि औषधं चार. हृदयाला जोर द्यायला डोब्युटामिन, ठोके ताळ्यावर आणायला ॲमिओडॅरोन, बीपी धरून ठेवायला नॉरॲड आणि अंगातलं पाणी काढायला लॅसिक्स. ही सगळी एका नळीत नांदत नाहीत. लॅसिक्स अल्कधर्मी, डोब्युटामिन आम्लधर्मी. नळीत ही दोन एकत्र आली की पाणी दुधाळ होतं, कण धरतात. ॲमिओडॅरोनशीही लॅसिक्सचं तेच. लाइन चोंदते, नाहीतर ते कण रक्तात जातात. नॉरॲडच्या मागून दुसरं इंजेक्शन ढकललं तर नळीतलं नॉरॲड एकदम आत जाऊन बीपी उसळतं, आणि हाताच्या शिरेबाहेर झिरपलं तर कातडी काळी पडते. मानेतल्या लाइनला तीन वेगवेगळ्या वाटा असतात. आमच्या आयसीयूत मी रोज ह्याच नळ्यांना लेबलं लावते, मग तुमच्या वेळी कसली वाट बघायची होती?

आई, साखरेवरून सिस्टरशी भांडलीस म्हणे! अगं, ॲमिओडॅरोन सलाइनमध्ये नीट टिकत नाही, ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच घालतात. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये साखर अडीच ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाही भरत नाही. बाबांची शुगर त्या बघतच होत्या.

लहानपणी तुम्ही कडू गोळी मधात चुरडून द्यायचात ना, बाबा. मला कळायचं, तरी मी आ करायचे.

दादाबरोबर मऊ बनियन, रेडिओ आणि तुमची उशी पाठवलीय. आई, रात्री तू घरी झोपायचंस, वाद नको. लोणचं-पापड डब्यात दिसता कामा नये. पाणी डॉक्टर सांगतील तेवढंच, मोजून.

आणि बाबा, उद्या लाइन काढताना उशी काढून आडवं करतील. दम लागल्यासारखं वाटलं तर आधी सांगा, पण उठून बसायचं नाही. सिस्टर म्हणतील तेव्हा श्वास धरा, त्या मानेवर बोट दाबून ठेवतील, हात मध्ये घालू नका. झालं की दादाला मला फोन लावायला सांगा.

तुमची,
मनू