मॅडम, तुमच्यामुळे माझा लाल पेन सुटला

मॅडम, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हटलं होतं पण तेवढ्यानं भागत नाही म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, तुम्हाला आवडणार नाही माहीत आहे, तरी.

खरं सांगतो, त्या दिवशी केंद्रशाळेत तुम्ही घेतलेल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मी सही करून फोटोत उभं राहून निघायच्याच तयारीनं आलो होतो. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला ५० तास प्रशिक्षण म्हणतात, त्यातले कितीतरी तास आम्ही पीपीटी पाहत जांभया देण्यात घालवलेत. आणि तुम्ही तर पीपीटीच आणली नाही! कोऱ्या वह्या वाटल्या न् म्हटलं, आज सकाळी घरून निघताना जे दिसलं ते लिहा, १५ मिनिटं. अठरा वर्षं निबंध तपासतोय मी, पण माझ्या तीन ओळी झाल्या अन् पेन अडला. शेजारचे गुरुजी तर पाणी प्यायला गेले ते आलेच नाहीत. तुम्ही मात्र आमच्यासोबतच लिहीत बसल्या आणि खोडाखोडीसकट आधी स्वतःचंच वाचून दाखवलं.

मग चहाच्या वेळी तुम्ही अमेरिकेतल्या बर्कलेचं सांगितलं, १९७४ मध्ये जेम्स ग्रे यांनी तिथल्या विद्यापीठात उन्हाळ्यात शिक्षक जमवले, शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवायचं अन् आधी स्वतः लिहायचं, त्यातूनच पुढं अमेरिकाभर नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट उभा राहिला. (उन्हाळ्यात! आपल्या इथं मे महिन्यात कोणी जमवून दाखवावं.)

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. डिसेंबरात, ऐन वेचणीत, अर्धा वर्ग शेतात असताना तुम्ही आमच्या दोनशिक्षकी शाळेत आल्या, कोणताच फॉर्म न घेता, अन् पोरांसोबत सतरंजीवर बसल्या. चौथीतल्या एका पोरीनं लिहिलं होतं, "माय कापूस वेचाले जाते. तिच्या बोटाले बोंडं टोचते. मी राती तेल लावतो." माझा हात सवयीनं लाल पेनाकडे गेला, वेचाले, राती, मुलगी असून लावतो, अर्धी वही लाल झाली असती. तुम्ही हळूच म्हटलं, सर, आधी एक प्रश्न विचारा, चुका कुठं पळून जात नाहीत.

मी विचारलं, कोणतं तेल? ती वही घेऊन गेली आणि परत आली तर खाली लिहिलेलं, "खोबऱ्याचं. थंडीनं गोठलं होतं तं शिशी चुलीजवळ ठेवली. माय म्हणे फुटन."

मॅडम, याच वर्गानं मला आजवर "गाय हा पाळीव प्राणी आहे" एवढंच लिहून दिलं होतं, तेही सगळ्यांनी सारखंच, गाईडातलं.

प्रमाण भाषा शिकवतोच मी, सोडली नाही. फळ्यावर दोन रकाने करतो, घरचं न् पुस्तकातलं, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी फक्त प्रश्न. सगळ्यांचं जमतं असं नाही, तिघं अजून दोन ओळींच्या पुढं सरकत नाहीत, एक तर नुसती चित्रंच काढतो, बैलाची, लय भारी काढतो.

तुमचा प्रवासभत्ता निघाला का हो? विचारायचं राहूनच गेलं.

आणि वेचणी संपली की एकदा या. ती पोरगी विचारते, प्रश्नवाल्या मॅडम कधी येणार. तुम्ही दिलेल्या वहीची २६ पानं भरलीत, माझी, पोरांची नाही. वाचून दाखवीन, फक्त शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी.