पांढऱ्या पेशी कमी आल्या? आधी गोळ्या तपासा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते, आता निवृत्त आहे. पावसाळा सरता सरता तापाची साथ आली की ओळखीपाळखीचे लोक रक्ताच्या रिपोर्टचा फोटो मला मोबाईलवर पाठवतात. बहुतेकांच्या जिवाला घोर एकच असतो: पांढऱ्या पेशी कमी आल्यात, ब्लड कॅन्सर तर नसेल? या भीतीपायी माणसं भलतीकडे धावतात आणि जे पाहायला हवं तेच राहून जातं, म्हणून हे पत्र.

मोठ्या माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात साधारण ४००० ते ११००० पांढऱ्या पेशी असतात. तापाच्या दिवसांत ३२०० किंवा ३६०० असा आकडा आला तर बहुतेक वेळा ते विषाणूचं काम असतं. डेंग्यूत प्लेटलेट घसरायच्या आधीच पांढऱ्या पेशी उतरायला लागतात, आणि ताप गेला की आठवड्या-दोन आठवड्यांत आपसूक वर येतात. फ्लूमध्ये, चिकुनगुनियात, विषाणूच्या काविळीतही असं होतं. टायफॉईडचं तर लोकांना पटतच नाही. अंगात १०३ ताप आणि पेशी कमी कशा, असं विचारतात. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी वाढतात हे आपण शाळेत शिकलेलो असतो, पण टायफॉईडमध्ये त्या बऱ्याचदा कमीच असतात. अशा वेळी किवी आणि ड्रॅगन फ्रूटवर पैसे घालवण्यापेक्षा ताप उतरल्यावर दोन आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करून घ्या. पेशी तरीही कमीच राहिल्या, तर मात्र कारण शोधलंच पाहिजे.

आणि नुसता वरचा आकडा पाहून घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका. त्याच्याखाली टक्केवारी दिलेली असते. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढायला सर्वांत पुढे असतात. दोघांच्या एकूण पेशी ३००० आहेत असं धरा. एकाच्या न्यूट्रोफिल ६० टक्के, म्हणजे १८००. त्याची फार काळजी नाही. दुसऱ्याच्या २० टक्के, म्हणजे फक्त ६००. त्यानं त्याच दिवशी डॉक्टर गाठला पाहिजे. १५०० च्या खाली आकडा कमी धरतात आणि ५०० च्या खाली गेला तर साध्या तापातही जिवावर बेतू शकतं.

आमच्या वेळी मशीन नव्हतं. तांबड्या पेशी विरघळवणारं टर्क फ्लुइड रक्तात घालून काचेच्या चेंबरच्या चार कोपऱ्यांतल्या पेशी मोजायच्या आणि ५० ने गुणायचं. आकडा कमी आला की आमचे सर, म्हणजे लॅबचे डॉक्टर, काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताची स्लाइड स्वतः पाहिल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नसत. आता मशीन मिनिटभरात आकडा देतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त नीट मिसळलं नाही आणि गुठळी झाली, तरीही देतं, पण तो खोटाच कमी असू शकतो. म्हणून पेशी फार कमी आल्या तर लॅबमध्ये बेधडक विचारा, स्लाइड डॉक्टरांनी पाहिली का? हा तुमचा हक्क आहे.

स्लाइडवर आणखी एक गोष्ट दिसते. बी १२ कमी असलं की न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या पडतात, तांबड्या पेशी मोठ्या दिसतात, आणि पांढऱ्या व प्लेटलेट दोन्ही घटतात. आपल्या भागात माळकरी आणि जैन कुटुंबं पुष्कळ. मांस-अंडी वर्ज्य, त्यात वय झाल्यावर दूधही सुटलेलं, अशांत मी हे वारंवार पाहिलं आहे. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही बी १२ कमी होतं. याचा इलाज स्वस्त आणि सोपा आहे. त्यासाठी कुणाला माळ काढावी लागत नाही.

मला सर्वांत कळकळीनं लिहायचं आहे ते मात्र गोळ्यांबद्दल. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका मावशींचा नमुना आमच्याकडे आला होता. पेशी १३००. तोंड आतून सोललेलं, भाकरीचा तुकडा गिळवत नव्हता, अंगात ताप. मुलगा रडकुंडीला आलेला, कारण कुणीतरी कॅन्सर म्हणून सांगितलं होतं. सरांनी त्याला घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन यायला लावलं. त्यात मेथोट्रेक्सेट निघाली. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि तिचा त्रास होऊ नये म्हणून इतर दिवशी फॉलिक ॲसिड देतात. अनेक कंपन्यांच्या या दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्याच असतात. चिठ्ठीवर सगळं इंग्रजीत. दुकानातून दोन्ही पट्ट्या एकाच कागदी पाकिटात आल्या होत्या, आणि मावशी रोज मेथोट्रेक्सेट घेत होत्या. ही गोळी रोज पोटात गेली की हाडातल्या मगजात रक्त तयार होणंच थांबतं. मावशींना दाखल करून या गोळीवर उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं दिली, दुसऱ्या आठवड्यात पेशी चढल्या आणि त्या घरी गेल्या. वेळेवर कळलं नाही तर अशी माणसं दगावतात.

थायरॉईड वाढल्यावर देतात त्या कार्बिमॅझोलनंही क्वचित कुणाच्या न्यूट्रोफिल अचानक शून्याजवळ जातात, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. ही गोळी घेणाऱ्यांनी ताप, घसादुखी किंवा तोंड आलं तर मिठाच्या गुळण्या करत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गोळीचं नाव सांगून रक्त तपासावं. फिटच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरची क्लोझापिन, सल्फाची औषधं यांनीही पेशी उतरतात. केमोथेरपीनं तर उतरणारच, पण ते डॉक्टरांना आधीपासून ठाऊक असतं. स्वतःच्या मनानं मात्र कुठलीही गोळी बंद करू नका, विशेषतः फिटची.

तासगावकडचे द्राक्षबागायतदार हमखास फवारणीचं विचारतात. काही रसायनांनी हाडातला मगज सुकतो हे खरं आहे, आणि तोंडाला फडकं व हातमोजे न वापरता फवारणारी मुलं पाहून मला काळजीही वाटते. पण एका रिपोर्टवरून दोष फवारणीवर टाकला की बी १२, एचआयव्ही, क्षयरोग, दारूनं खराब झालेलं यकृत आणि वाढलेली प्लीहा, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) हे तपासायचंच राहतं. एचआयव्हीची तपासणी सांगलीच्या सिव्हिलमध्ये आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मोफत होते, तिथं जायला लाजू नये. ब्लड कॅन्सर हेही एक कारण आहेच. मात्र त्यात पांढऱ्यांबरोबर हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही सहसा घसरलेल्या असतात, वजन उतरतं, अंगावर काळेनिळे डाग येतात. तसं दिसलं तर एक दिवसही घालवू नका.

पेशी वाढवणारं इंजेक्शन द्या, असा हट्ट गावोगावी धरला जातो. स्टेरॉईडनं आकडा चढतो, पण आजार आत तसाच राहतो आणि जंतूंना उलट मोकळं रान मिळतं.

डॉक्टरांना माझी विनंती आहे की मेथोट्रेक्सेटच्या चिठ्ठीवर वाराचं नाव मराठीत लिहा: "फक्त रविवारी, रोज नाही". औषध दुकानदारांनी तेच पाकिटावर लिहावं, फॉलिक ॲसिड वेगळ्या पाकिटात द्यावं आणि देताना रुग्णाकडून वार वदवून घ्यावा. म्हातारी माणसं एकटी राहतात अशा घरांत आशाताईंनी गोळ्यांवर एकदा नजर टाकली तर फार बरं होईल. जिल्ह्यातल्या औषध विक्रेत्यांनी आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि आपण हे पत्र छापून त्यांच्यापर्यंत पोचवावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
मिरज, जि. सांगली